हिरवा श्वास

आमच्या घरात सदा परक्या लोकांच्या झोपेचा वास यायचा. कामरगावात बस थांबते तिथून थोडं आत अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: अब्बा, अम्मी आणि मी, नसीम. लोकांना वाटतं, गादीवाल्याचं घर म्हणजे काय, पांढरीशुभ्र रुई आणि मऊ मऊ कारभार. मऊ कसला डोंबलाचा! नव्या रुईच्या गाद्या लग्नसराईत तेवढ्या. बाकी वर्षभर लोक जुन्या गाद्या आणून ओट्यावर आपटायचे, 'गादीवाले, पार बसली हो, भरून द्या.' त्या बसलेल्या गादीत काय काय बसलेलं असायचं ते मला विचारा. लेकरांचं मूत, म्हाताऱ्यांचा घाम, डोक्याच्या बाजूला खोबरेल तेलाचा काळा डाग, पायाच्या बाजूला वावरातली माती. अम्मी कात्रीनं शिवण उसवायची, खोळ भिजत टाकायची, आतले रुईचे गड्डे अंगणात उन्हाला घालायची आणि मग अब्बा ते मशीनमध्ये पिंजायचे. मशीन सुरू झालं की धडधड भिंतीतून माझ्या दातांपर्यंत यायची. रुईचा भुगा उडायचा तो पिठात, माठात, पापण्यांवर, जिभेवर. दुसऱ्याच्या गादीतली रुई आपल्या जिभेवर! शी! आत्ता हे लिहिता लिहिता उठून मी चूळ भरून आले.

मी पहिल्यापासून अशीच. अकोल्याच्या डॉक्टरांनी 'ऑटिझम' असं नाव सांगितलं, गल्लीतल्या बायांनी आधीच 'येडी' असं सांगून ठेवलं होतं. अम्मीनं दोन्ही ऐकून घेतलं आणि स्वतःचं तिसरं ठरवलं, 'इले सगळं जास्त लागते.' तेच खरं होतं. आवाज जास्त लागायचा, उजेड जास्त लागायचा, वास तर इतका की कोण कोणाच्या घरून जेवून आलं ते मी दारातूनच सांगायची. अब्बा-अम्मी आपसांत उर्दू बोलायचे आणि गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी. मी मराठी शाळेत गेले आणि वऱ्हाडीच धरून बसले. एका तोंडातून दोन भाषा आल्या की मला वरण भातात कालवल्यासारखं वाटायचं, आणि कालवलेलं मी खात नसे. म्हणून माझ्याशी आणि माझ्यासमोर दोघंही वऱ्हाडीतच बोलायचे. माझं खाणं कोरडं: ज्वारीची भाकर, भाजलेले शेंगदाणे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, कोरडा भात. शुक्रवारी घरात बकऱ्याचे पाये शिजायचे, हाडाच्या नळीतून तो लिबलिबीत मगज ओढून खातानाचा अब्बांचा सुर्र असा आवाज यायचा, तेव्हा मी ओट्यावर पाठ करून बसायची. भेंडीच्या तारेचं तर नावच काढू नका.

या सगळ्या घाणीत एकच जागा कोरडी होती, ती म्हणजे शाळा. शाळा म्हणजे भूमिती. बाकीचे विषय मास्तरांच्या तोंडच्या तंबाखूच्या वासासकट यायचे, पण भूमितीला वास नसतो. रेषा कुणाला चिकटत नाही, कोन ओला होत नाही. मी पुस्तकातली सगळी प्रमेयं वर्ग तिथवर पोचायच्या आधीच सोडवून बसायची. पण आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा होता, त्यावर शिपाई लोखंडी दांड्यानं असा काही ठोकायचा की माझ्या डोक्यात काहीतरी फाटायचं आणि मी किंचाळायची. आधी कानावर हात ठेवून किंचाळायची, मग वर्गातून पळत जाऊन, आणि एकदा प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर. नववी संपता संपता हेडसरांनी अब्बांना बोलावून सांगितलं, "पोरगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण दहावीच्या वर्गात हे चालणार नाही. शांत झाली की आणा." घरी आल्यावर अब्बा म्हणाले, "बसू दे घरीच. खोळी शिवीन, टाके घालीन. आपल्या धंद्यात हाताची गरजच हाये." मी त्या ओट्याकडे पाहिलं. त्यावर कुणाच्या तरी बाळंतिणीची गादी उसवून पडली होती. जन्मभर हे? मी त्या दिवशी भाकरसुद्धा खाल्ली नाही.

मग कुणीतरी वाशीमच्या सरांचं सांगितलं. गावंडे सर. त्यांनी बाहेरगावी कुठंतरी शिक्षण घेऊन वाशीमला स्टँडपासून जवळच आमच्यासारख्या मुलांसाठी केंद्र उघडलं होतं. अम्मी मला दर रविवारी बसनं न्यायची, कारंजाला उतरून दुसरी गाडी धरायची. केंद्रात एक लॅपटॉप, त्याला लांब वायर आणि वायरीच्या टोकाला एक छोटीशी चिमटी. ती कानाच्या पाळीला लावायची. चिमटी आपल्या काळजाचे ठोके मोजते, सर म्हणाले. श्वास आत घेतला की ठोके किंचित भरभर पडतात, सोडला की मंदावतात. घाबरलं, चिडलं की हा चढउतार वेडावाकडा होतो आणि स्क्रीनवरचा दिवा लाल राहतो. श्वास लांब आणि सारखा केला की रेघ गोल गोल लाटेसारखी होते आणि दिवा हिरवा होतो. बस, दिवा हिरवा करायचा.

तंत्र खोटं नव्हतं, ते मी आधीच सांगून टाकते. माझ्या रागात मी खोट्याची भर घालणार नाही. ती रेघ पाहिली आणि मला एकदम आवडली. आपल्या छातीत असं काही सुबक चाललेलं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सुरुवातीला ती रेघ बाभळीच्या फांदीसारखी काटेरी यायची. पण मी श्वास मोजायला शिकले, सोडताना लांबवायला शिकले, आणि एक दिवस बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत असतानाही माझी लाट मोडली नाही. अम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. सर तर उठून उभेच राहिले. आजही मी बँकेच्या रांगेत, लग्नाच्या बँडसमोर तसाच श्वास घेते आणि तरून जाते. चूक पुढे झाली. दिवा हिरवा म्हणजे मी श्वास नीट घेतेय, एवढंच. पण दिवा हिरवा म्हणजे पोरगी राजी, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

पहिला मान सरांचा. त्यांनी 'सवयीचे प्रयोग' काढले. रात्रभर भिजवलेला साबुदाणा एका पातेल्यात आणायचा, कानाला चिमटी लावायची, हात मनगटापर्यंत त्या साबुदाण्यात घालायचा आणि दिवा हिरवा ठेवायचा. माझ्या शेजारी धनज गावची गौरी बसायची. माझ्याच वयाची, दोन वेण्या, तोंडातून शब्द नाही, फक्त गळ्यातून 'अं, अं' असा बारीक सूर. तिची माय शेतात मजुरीला जाणारी, कारंजाच्या स्टँडवर आम्हाला भेटायची आणि तिथून चौघी एकाच गाडीनं जायचो. गौरी पातेलं पाहूनच मान फिरवायची. मी मात्र हात घालायची. बोटांच्या मधून ते गिळगिळीत दाणे सरकायचे, नखांत शिरायचे आणि स्क्रीनवर हिरवं, हिरवं, हिरवं. "बघा, नसीमला आता काहीच वाटत नाही," सर म्हणायचे. वाटत नाही? अहो, मला ओकारी येत होती! पण ओकारी दाबून श्वास लांब सोडायचा असतो हे तुम्हीच तर शिकवलं.

ते खूळ घरी आलं. अम्मी ताटात भेंडी वाढून म्हणायची, "हिरवा श्वास घे बरं बेटा." अब्बा बाहेरून आवाज द्यायचे, "ते खोळ उचलून आण, हिरवा श्वास घे आन् आण." पाहुणे आले, कुणी गालाला हात लावला, ओल्या हातानं पाठीवर थोपटलं, की आईबाप दोघंही माझ्याकडे बघून छाती फुगवून दाखवायचे. आणि मी घ्यायचीही. का? तर सर हेडसरांना ओळखत होते. सरांनी शब्द दिला होता की पुढच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ते पालकांचा मेळावा घेतील, हेडसरांना बोलावतील, आणि माझा दिवा हिरवा राहिलेला दाखवून म्हणतील, ही घ्या तुमची विद्यार्थिनी. दहावी त्या दिव्यात अडकली होती. म्हणून भेंडी गिळली.

त्या मेळाव्यासाठी सरांना 'शांत खोली' करायची होती. भिंतीला ढगांची चित्रं, खाली मोठ्या जाड गाद्या, त्यावर मुलांनी पडून श्वास घ्यायचा. अब्बा एकदा मला घ्यायला आले तेव्हा सरांनी त्यांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे किती, माझ्यापासून हातभर. मोठ्या माणसांना वाटतं पोरं दुसरीकडे बघत असली की त्यांना ऐकू येत नाही.

"तुमच्याकडून फी घेत नाही मी, ते सोडा," सर म्हणाले. "तेवढ्या गाद्या करून द्या."

"नव्या रुईच्या म्हणसान तर महाग पडते साहेब," अब्बा म्हणाले.

"नवी कशाला? वरून खोळ चांगली घाला, निळी, मखमली. आत कोण बघतो? मुलंच तर झोपणार आहेत."

अब्बा हसले. "हो, पोट्टेच तं झोपतीन."

दोघं एकाच वेळी हसले ते हसू मला अजून ऐकू येतं. ओल्या जमिनीवरून चपला घासल्यावर येतो तसा आवाज. त्या वेळी मला वाटलं, अब्बा अंगणातली कुठलीतरी बऱ्यापैकी जुनी रुई पिंजून घालतील. म्हणजे घाणच, पण आमच्या घरची नेहमीची घाण.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे शेषराव आजोबा वारले. वर्षभर अंथरुणात होते. पाठीला जखमा झाल्या होत्या, घरच्यांनी करायचं तेवढं केलं, पण त्या घरावरून जाताना मी नाक दाबूनच जायची. आमच्याकडे रीत अशी की मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. कुणी नदीकाठी टाकतं, कुणी जाळतं. आजोबांच्या मुलानं अब्बांना हाक मारली, "गादीवाले, एवढं घेऊन जा आणि जाळून टाका. आमच्या हातानं होत नाही." अब्बांनी "हो भाऊ" म्हणून गादी खांद्यावर घेतली. ती आमच्या अंगणात आली आणि अंगणातच राहिली. तिच्यावर माशा बसायच्या आणि उठायच्या नाहीत. मी स्वतःला घरात कोंडून घेतलं. फिनाईल, त्याखाली कापूर, त्याखाली सांडलेलं औषध, त्याखाली मूत आणि सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोड, जड वास, त्याचं नाव मला लिहायचं नाही. अम्मी भांडली. "जाळाले देल्ली त्याहीनं. जाळून टाका. अल्लाह पाहून राह्यला."

"चांगल्या रुईची हाये. अशी रुई आता येते का? जाळाची म्हंजे पाप हाये," अब्बा म्हणाले.

अम्मी बडबडत राहिली आणि बडबडता बडबडताच कात्री घेऊन बसली. हे मला कधीच उमगलं नाही. माणसं तोंडानं नाही म्हणतात आणि हातानं करतात. मशीन दिवसभर धडधडलं. काळी, चिकट झालेली रुई पिंजून निघाली की फुगते, आणि फुगली की लोकांना नवी वाटते.

मेळाव्याच्या रविवारी अम्मीला ताप होता, म्हणून अब्बा आले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला होता. हेडसरही आले होते, खुर्चीत मागे रेलून, गळ्यात हार. पालक भिंतीला लागून उभे. बाहेरच्या खोलीत समोसे येऊन पडले होते, त्यांच्या तेलाचा वास आधीच डोकं उठवत होता. सरांनी लॅपटॉप एका मोठ्या पडद्याला जोडला होता, म्हणजे दिवा सगळ्यांना दिसावा. मग शांत खोलीचं दार उघडलं आणि निळ्या मखमली गाद्या दिसल्या. सगळे 'वा' म्हणाले.

पहिली गौरी. ती दारातच थबकली. नाक वर केलं आणि आपली बाही दातात धरली. मला काही कळायच्या आत सरांनी आणि मदतनीस बाईंनी तिला दोन्ही खांद्यांना धरून आत नेलं, चिमटी लावली आणि गादीवर आडवं केलं. दिवा लालभडक. "श्वास घे, गौरी. हिरवा, हिरवा," सर गोड आवाजात म्हणत होते आणि त्यांचा तळहात तिच्या पाठीवर दाबलेला होता. तिचा गाल मखमलीत रुतला होता. 'अं, अं' चा सूर चढत गेला. मागून तिची माय म्हणाली, "सर, राहू द्या ना. तिले नाई आवडून राह्यलं."

"ताई, तुम्ही मध्ये येऊ नका," सर म्हणाले. "तुमच्या लाडानंच हे झालंय. थांबा, आमची नसीम दाखवेल कसं करायचं."

चिमटी माझ्या कानाला आली. मी गौरीच्या बाजूला त्याच गादीच्या कडेवर बसले. आणि बसल्याबरोबर गादीतला दबलेला वारा वर आला. फिनाईल. कापूर. औषध. मूत. आणि तळातलं ते.

शेषराव आजोबा.

मी किंचाळणार होते. खरंच सांगते, तोंड उघडलं होतं. पण समोर हेडसर बसले होते, दहावी बसली होती, भूमिती बसली होती. मी श्वास आत घेतला. तो वास छातीभर आत घेतला, कारण श्वास घ्यायचा म्हणजे वासही घ्यावाच लागतो, त्याला इलाज नाही. लांब सोडला. परत घेतला. पडद्यावर लाट गोल झाली आणि दिवा हिरवा झाला. टाळी पडली. माझ्या बाजूला गौरीचं तोंड अजून त्या मखमलीत होतं आणि तिच्या नाकातून पाणी गळत होतं. तिला बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

अब्बांच्या टाक्यांची गाठ मला डोळे मिटून सापडते. कोपऱ्यापासून वीतभर, आतल्या अंगाला. मी दोरा ओढला. शिवण सरसर उघडली. आत हात घातला आणि मूठभर रुई बाहेर काढून निळ्या मखमलीवर ठेवली. पिवळट, राखी, मध्ये काळपट डागाच्या गुठळ्या, एका पांढऱ्या केसाचा तुकडा. मी म्हणाले, आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "ही रुई जुनी हाये. ही शेषराव आजोबाच्या गादीतली हाये. ते इच्यावरच मेले. ही जाळाची होती."

सगळ्यांची मान पडद्याकडे वळली. दिवा हिरवा होता.

आणि सरांनी टाळ्या वाजवल्या! आईशप्पथ सांगते, टाळ्या! "बघितलं?" ते ओरडले. "ती काय बोलते याकडे लक्ष देऊ नका, दिवा बघा! इतका त्रास होत असतानासुद्धा हिरवा!" हेडसरही टाळ्या वाजवायला लागले. सरांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता आणि ते एका डोळ्यानं अब्बांकडे बघत होते. अब्बा पुढे आले. हात जोडले. माझ्याकडे बघितलं नाही, हेडसरांकडे बघून म्हणाले, "पोरगी बिमार हाये साहेब. तिले जिथं तिथं वासच येते. नवी रुई हाये, मी सोता भरली. तिच्या बोलण्यावर जाऊ नका."

माझा श्वास चालूच होता. आत, बाहेर, आत, बाहेर. माझा बाप चारचौघांत मला खोटी पाडत होता, त्यासाठी माझाच आजार वापरत होता, आणि माझं काळीज पडद्यावर सुंदर गोल लाटा काढत होतं. त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त किळस कुणाची आली असेल तर त्या हिरव्या दिव्याची.

गौरीची माय पालकांच्या गर्दीतून पुढे आली. मदतनीस बाईंचा हात तिनं बाजूला सारला. खाली वाकली, मी काढलेली रुई उचलली आणि नाकाला लावली. मग अब्बांच्या समोर धरली. "भाऊ, पोरीवर ढकलू नका," ती म्हणाली. "वास मले बी येऊन राह्यला." तिनं ती रुई सरांच्या टेबलावर, लॅपटॉपच्या बाजूला ठेवली, गौरीला गादीवरून उठवलं, तिचं तोंड पदरानं पुसलं आणि तिला घेऊन निघून गेली. नंतर त्या दोघी केंद्रात कधी आल्या नाहीत. कारंजाच्या स्टँडवरही मला दिसल्या नाहीत.

"असे पालक असले की मुलं कशी सुधारायची?" सर म्हणाले आणि सगळे समोशांकडे वळले. टाळ्या वाजवलेल्या त्याच हातांनी. कुणी हात धुतले नाहीत, मी बघत होते. अब्बांच्या खिशात दाभण आणि दोरा कायम असायचा. ते गुडघे टेकून बसले, रुई आत कोंबली आणि शिवण पुन्हा घातली. हेडसर तोंडातला समोसा सांभाळत माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवून म्हणाले, "शाब्बास. एवढ्या गडबडीतही आवाज नाही चढला. गादीवाले, सोमवारपासून पाठवा हिला." मला दहावी मिळाली. मी खरं बोलले म्हणून मिळाली नाही. खरं बोलतानाही गप्प माणसासारखी बोलले म्हणून मिळाली.

परतीच्या बसमध्ये अब्बा खिडकीशी बसले होते. कारंजा मागे पडलं. मग विचारलं, "तुमाले वास येत होता का नाई?"

ते बाहेर बघत राहिले. "येत होता."

"मंग तिथं काहून नाई सांगतलं?"

"शाळा पाहिजे होती ना तुले? भेटली ना? मंग आता गप राह्य." आणि माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "हिरवा श्वास घे."

मी नाही घेतला. येत होता, लांब, गोल, सवयीचा झालेला श्वास आपोआप येत होता. मी तो मध्येच तोडला आणि किंचाळले. पोटातून, वर्षभराची किंचाळी. साबुदाण्याची, भेंडीची, त्या तेलकट हाताची. बसमधले लोक उभे राहिले, कंडक्टर ओरडला, कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं. अब्बांनी घाबरून माझ्या तोंडावर हात दाबला. तो हात त्यांनी धुतलेला नव्हता. त्या हातानं त्यांनी ती रुई कोंबली होती, आणि तो आता माझ्या ओठांवर होता. मी चावले. असं तसं नाही, रक्त येईपर्यंत.

घरी अम्मीनं तापातच उठून हळद भरली आणि पट्टी बांधली. "काहून चावली व?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "हात घाण होता." अम्मीनं अब्बांकडे पाहिलं, अब्बांनी पट्टीकडे, आणि तो विषय तिथंच मिटला. आता फोमच्या गाद्या आल्या, मशीन गंजून पडलं, अब्बाही थकले. मी वाशीमला राहते, मुलांना भूमिती शिकवते आणि चटईवर झोपते. नातेवाईक म्हणतात, बापच तो, तुझ्या भल्यासाठीच केलं, सोड आता मनातून. भल्यासाठी केलं असेलही. पण राग सोडता येतो, किळस कशी सोडतात ते मला कुणी शिकवलं नाही.

त्या सोमवारी अब्बा मला शाळेत सोडायला आले. हेडसर फाटकातच उभे होते. पट्टी बघून म्हणाले, "काय हो गादीवाले, हाताला काय झालं?"

"काई नाई साहेब," अब्बा म्हणाले. "पिंजाच्या मशीनमदी सापडला."

"मशीनमध्ये नाही," मी म्हणाले. "मी चावले." आवाज चढवला नाही. आणि दहावीच्या वर्गात जाऊन बसले.